माझी स्क्रीन राखाडी का?

"तुमची स्क्रीन अशी राखाडी का? डार्क मोड लावा ना, डोळ्यांना बरा असतो." आयटीचा मुलगा विचारतो, शेजारच्या डेस्कवरची विचारते, परवा नव्या साहेबांनीही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं सांगते.

माझ्या चष्म्याला सिलेंडरचा नंबर आहे, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम. काळ्यावर पांढरी अक्षरं आली की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अक्षरांच्या कडा पसरतात. मराठीत तर शिरोरेघ जाड होऊन वरचा अनुस्वार गिळते. 'घर' की 'घरं', हे बघायला मागे जावं लागतं.

डार्क मोड मीही लावला होता. 2019 मध्ये फोनवर आला, मग ऑफिसातही लावला. काळ्या स्क्रीनवर मागच्याला काही दिसत नाही, असं तेव्हा मीच सगळ्यांना सांगायचे. साफ चूक. ट्यूबलाइटखाली ओळीनं पांढऱ्या एक्सेल उघड्या असताना एकच काळी चौकट दारातूनही डोळ्यांत भरते.

एके दिवशी माझ्या मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, रिपोर्टवर 'बायरॅड्स 4' होतं. म्हणजे संशयास्पद, बायोप्सी करून घ्या. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी त्याबद्दलचं एक पान उघडलं. डार्क मोड बाजूलाच राहिला. पान वरपासून खालपर्यंत गुलाबी, कोपऱ्यात स्तनाच्या कॅन्सरची ती गुलाबी फीत. अक्षरं बारीक होती, मागून एक शब्दही वाचता आला नसता. वाचायची गरजच पडली नाही. "मॅडम, घरी कोणाला काही झालंय का?" मी "नाही हो" म्हटलं, पण पान बंद करताना माउस दोनदा चुकला. विचारणारे आमच्याच सोसायटीतले. संध्याकाळी त्यांच्या बायकोनं जिन्यात माझ्या आईला थांबवलं, "ताईंची तब्येत बरी आहे ना?"

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. बायोप्सीची तारीख मिळाली की जवळ बसवून सांगणार होते. घरी पोचले तेव्हा ती दिवा न लावता बसली होती. "मला परक्यांकडून कळावं?" एवढंच म्हणाली. गाठ साधी निघाली, फायब्रोअडेनोमा. पण आईच्या मनातून ते गेलेलं नाही.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असलं वाचू नये, म्हणाल. सुट्टी माझी होती. कॉम्प्युटर माझा नव्हता, हेही खरं. मी फोन घेऊन जिन्यात जायला हवं होतं का? कदाचित. पण मग दडवण्यासारखं काही होतं, असंच ना?

नंतर काही दिवस फिकट राखाडीवर राखाडी अक्षरं करून पाहिली. वेबच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान 4.5 ला 1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला उजेडाचा फरक, लागतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे 21 ला 1. मी 4.5च्याही पुष्कळ खाली गेले होते. मागच्याला दिसेना आणि मलाही. चारच्या सुमाराला कपाळ ठणकायचं. मला जे स्वच्छ दिसतं ते मागच्यालाही दिसणार, यातून वाट मला सापडलेली नाही.

आता पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवते आणि विंडोजचा कलर फिल्टर लावून रंग तेवढे बंद करते. त्यामुळे विवरणातले लाल आकडेही राखाडी दिसतात, उणे चिन्हं एकेक शोधावी लागतात. गेल्या मार्चमध्ये एक सुटलं, बोलणी खाल्ली. तरी रंग परत चालू करायला हात धजत नाही.