काशियशचा किल्ला आणि जुन्या गोव्यातला पुतळा

चवथीला लिस्बनहून फोंड्याला घरी आले होते, तेव्हा बाबांना घेऊन जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेले. पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइशचा ब्राँझचा पुतळा त्यांना पुन्हा पाहायचा होता. पूर्वी तो बाहेर उघड्यावर उभा असे, आत हलवला तो गोवामुक्तीनंतर. "हा तुमच्या लिस्बनचा ना गो?" बाबांनी विचारलं.

लिस्बनचाच. पण तो आपल्याकडे आला तो शिपाई म्हणून. त्याआधी आफ्रिकेतल्या सेउताच्या लढाईत त्याचा उजवा डोळा गेला होता. १५५२ मध्ये लिस्बनच्या रस्त्यावर राजाच्या एका नोकराला जखमी केल्याबद्दल तो तुरुंगात पडला. पुढच्या वर्षी माफी मिळाली आणि राजाच्या चाकरीसाठी त्याची रवानगी हिंदुस्थानात झाली. १५५३ च्या सप्टेंबरात तो गोव्यात उतरला आणि इथून मोहिमांवर जाऊ लागला. वास्को द गामाच्या सफरीवरचं त्याचं महाकाव्य १५७२ साली छापलं गेलं. आज लिस्बनच्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची आणि त्याची कबर समोरासमोर आहे. १० जून या त्याच्या मृत्युदिनी साऱ्या पोर्तुगालला सुट्टी असते.

पोर्तुगीज शिकताना मी त्याची कडवी मोठ्याने वाचली आहेत. काय ती भाषा! लाटांचा ताल आहे तिला. तरीही वाचता वाचता मी अडखळते. ज्यांच्या किनाऱ्यावर ही गलबतं लागली, त्या माणसांच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, ते मला त्या ओळींत सापडत नाही. त्याच शिपायाने गोव्याहून धाडलेल्या एका पत्रात ही भूमी दुष्टांची आई आणि सज्जनांची सावत्र आई असल्याचं लिहिलंय. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार लागलं होतं. तो रोख इथे जमलेल्या त्याच्याच माणसांवर असावा, असं आता वाटतं.

म्हणून पोर्तुगीज कादंबरीकार अंतोनियु लोबु अंतुनेश मला जवळचा वाटतो. १९७१ ते १९७३ या काळात हा तरुण डॉक्टर सक्तीच्या लष्करी सेवेत अंगोला या पोर्तुगीज वसाहतीतल्या युद्धावर होता. त्याच्या १९७९ च्या कादंबरीत युद्धावरून परतलेला एक डॉक्टर बारमध्ये भेटलेल्या बाईला रात्रभर ते युद्ध सांगत बसतो. त्यात आपल्याच सैन्याची लाज आहे, आणि समोरच्यांचं मरणही आहे. असं लिहायला शिपायाला बंदुकीपेक्षा जास्त धैर्य लागत असेल.

संग्रहालयातून परतताना बाबा म्हणाले, "आमच्या रानड्यांनीही लिहिलंय की." मोहन रानडे मूळचे सांगलीचे. गोव्यात सावई-वेऱ्याला मराठी शिकवायला आले आणि पोर्तुगीजांविरुद्ध लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला करताना जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. १९६१ ला गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत. ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले, थेट जानेवारी १९६९ पर्यंत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी किती धडपड केली, हे बाबांच्या पिढीला तोंडपाठ आहे. 'सतीचे वाण' हे रानड्यांचं आत्मकथन. बाबांनी त्यांची जुनी प्रत माझ्या बॅगेत ठेवली, कोकमं आणि पापडांच्या वर.

परत आल्यावर ती मी कश्काइशच्या लोकलमध्ये वाचू लागले. त्याच मार्गावर काशियश नावाचं स्टेशन आहे. रानडे होते तो किल्ला तिथल्याच टेकडीवर. इतकी वर्षं मी खिडकीतून नुसती नदी बघत तिथून जात होते, याचं मला आता फार वाईट वाटतं.

गेल्या रविवारी तिथे उतरले. किल्ल्यात आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. खालूनच बाबांना फोन लावला.

"तिथून काय दिसतं गो?"

"नदी. तेजो नदी समुद्राला मिळते ना, ते मुख."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मांडवीच्या मुखावरच्या आपल्या आग्वादच्या तुरुंगासारखंच."