सेवा-सूची उभारताना: शिरोलीतील कारखान्यातला माझा अनुभव

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतील ज्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी आयटी विभाग सांभाळतो, तिथे नवा संगणक, ईआरपीचे (कारखान्याचा कारभार ज्यात नोंदला जातो त्या सॉफ्टवेअरचे) लॉगिन किंवा सामायिक फोल्डर उघडून देणे, अशा मागण्या पूर्वी फोनवर किंवा तोंडी येत असत. बंद पडलेला प्रिंटर आणि नवीन हवा असलेला प्रिंटर एकाच रांगेत उभे राहत. आयटीआयएल या आयटी सेवा सांभाळण्याच्या कार्यपद्धतीत चालू सेवेत अनपेक्षितपणे आलेला व्यत्यय म्हणजे ‘इन्सिडंट’ आणि ठरलेल्या रीतीने पुरवायची नेहमीची गोष्ट म्हणजे ‘सर्व्हिस रिक्वेस्ट’, असा स्पष्ट भेद आहे. आम्ही निवडलेल्या जीएलपीआय या तक्रारी व मागण्या नोंदवण्याच्या मुक्तस्रोत प्रणालीतही तिकिटाचे, म्हणजे प्रत्येक नोंदीचे, हेच दोन प्रकार असल्याने सुरुवात तिथूनच केली.

सेवा-सूची म्हणजे आयटी विभागाकडे मागता येणाऱ्या सेवांची यादी. त्यातल्या सेवांसाठी फॉर्म तयार करणे तुलनेने सोपे होते. खरा वेळ गेला तो मंजुरी कोणी द्यायची हे ठरवण्यात. लॅपटॉपला विभागप्रमुखांची मंजुरी पुरेशी, की खर्चासाठी लेखा विभागाचीही हवी, आणि मंजुरी देणारे रजेवर असतील तर कोण, या प्रश्नांची उत्तरे कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही. ती संबंधितांसोबत बसून, लेखी स्वरूपात घ्यावी लागतात. पासवर्ड बदलून देण्यासारख्या किरकोळ कामांना मात्र मंजुरीची पायरी ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

सेवांची नावे आम्ही मोल्डिंग (साचे बनवणे) आणि फेटलिंगच्या (ओतीव भाग साफ करण्याच्या) सुपरवायझरांना विचारून ठेवली. ‘ईआरपी लॉगिन हवे आहे’ हे त्यांना लगेच सापडते. आधीच्या उत्तरानुसारच पुढचा प्रश्न दिसावा, अशी अटही घातली, कारण फॉर्म लांबला की माणसे पुन्हा फोनकडे वळतात. साहित्य येण्याची वाट पाहताना तिकीट ‘प्रलंबित’ केले की एसएलएचे (काम पूर्ण करण्याच्या ठरलेल्या मुदतीचे) घड्याळ थांबते, पण ते का थांबवले याची नोंद करण्याचा नियम आम्हीच केला.

सर्वांत महत्त्वाचा फॉर्म मी नोकरी सोडणाऱ्यांसाठीचा मानतो. जाणारा माणूस स्वतः कधीच ही मागणी नोंदवत नाही. म्हणून तो फॉर्म मनुष्यबळ विभागाकडे दिला असून, त्या एका नोंदीतून ईमेल बंद करणे, ईआरपीचा प्रवेश काढणे आणि संगणक परत घेणे अशी स्वतंत्र तिकिटे निघतात. ती सगळी पूर्ण झाल्याखेरीज अंतिम हिशेबाच्या कागदावर आमचा विभाग सही करत नाही.