कोळी बघण्याचा कार्यक्रम

मुलांना कोळी दाखवायचा म्हटलं की मोठ्या माणसांची पहिली चूक ठरलेली. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत केसाळ कोळी काचेच्या पेटीत ठेवायचा आणि ४० मुलांना एकदम आत सोडायचं. पुढची दोन किंचाळतात, मागची अडतीस त्यांच्याकडे बघून किंचाळतात, आणि कोळी कोपऱ्यात अंग चोरून बसतो. ओळख कुणाचीच होत नाही.

नाशिकमध्ये तर पेटीवाचूनही भागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की शाळेच्या कुंपणावर, घाणेरीच्या झुडपांत, पांडवलेण्याच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात कोळी ऐन भरात असतात. एका वेळी आठ-दहा मुलं न्यावीत, तीही सकाळी लवकर. तिरप्या उन्हात जाळी चमकतात. शिवाय रात्री जाळं विणून पहाटे ते गुंडाळून खाऊन टाकणारे काही कोळी असतात, त्यांच्यासाठी उशीर म्हणजे गाडी चुकली.

आधी जाळं, मग कोळी, हा क्रम सोडू नये. कुंड्यांवर पाणी मारायचा फवारा अगदी बारीक करून लांबूनच एक-दोनदा दाबायचा. अख्खं जाळं थेंबाथेंबांनी उठून दिसतं. काही जण त्यासाठी पीठ भुरभुरतात, ते नको. पाणी वाळून जातं, पीठ मात्र धाग्याला धरून बसतं, चिकटपणा मरतो आणि बिचाऱ्याला जाळं नव्याने विणावं लागतं. मग पेन्सिलचं टोक मधून निघणाऱ्या आऱ्याला लावून पाहायला सांगावं: सहज सुटतं. गोल फिरणाऱ्या धाग्याला लावलं की धागा ताणत टोकाबरोबर येतो. एवढं झालं की “मग कोळी स्वतः कसा नाही चिकटत?” हा प्रश्न मुलांकडूनच येतो. तो बहुतेक आऱ्यांवरून चालतो, हे उत्तर त्यांनीच शोधलेलं बरं.

आता खरी गंमत. शाळेच्या प्रयोगशाळेतून नादकाटा, म्हणजे आपटला की थरथरत वाजणारा धातूचा दुहेरी काटा, मागून आणायचा. झुडपात फुली कोळी शोधायचा. पोटावर पिवळे पट्टे, डोकं खाली, पाय जोडीजोडीने ताणून केलेली फुली, आणि जाळ्यातही पांढरी नागमोडी फुली. ओळखायला चुकत नाही. एवढी ठसठशीत दिसते ती मादी. नर असला तर जवळपास कुठेतरी, तिच्यापुढे अगदीच किरकोळ. नादकाटा रबरावर आपटून जाळ्याच्या कडेला अलगद टेकवायचा. जमलं तर ती गर्रकन वळते, पुढच्या पायांनी धागे चाचपते आणि काट्यावर धावून येते. काटा जोरात लागला तर मात्र सगळं जाळं गदागदा हलवते, नाहीतर धागा सोडून सरळ खाली उतरते. मग दहा मिनिटं तिचा नाद सोडावा. या कोळिणीला डबीत कधी घालू नये. जाळ्याबाहेर तिची चाल अगदीच ढेपाळते.

डबीत घालायचाच तर भिंतीवरचा उड्या मारणारा कोळी. त्याच्यावर पेला उपडा घालायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं, हात लावायचा नाही. डबी पारदर्शक, झाकणाला सुईची भोकं, आत ओला कापूस, आणि एका डबीत एकच. दोन ठेवले तर शेवटी एकच उरण्याची शक्यता असते. डबी उन्हात राहिली तर तोही उरत नाही. भिंगातून बघा: आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन टपोरे, आणि तुम्ही हललात की तो अख्खा वळून तुमच्याकडे बघतो. प्राणी आपल्याकडे बघतोय हे कळलं की मुलं किंचाळायचं विसरतात. तासाभरात तो पुन्हा त्याच भिंतीवर सोडायचा.

जाळ्याखाली कधी मेलेल्या कोळ्यासारखं काही सापडतं. पाठीचं झाकण उघडं आणि आत पोकळ असेल तर ती कात. ती जपून ठेवावी, भित्र्या मुलांची सुरुवात तिच्यापासून करता येते. खरोखर मेलेल्याचे पाय आत वळलेले असतात, कारण पाय पसरायला कोळी अंगातल्या द्रवाचा दाब वापरतो. जीव गेला की दाब गेला.

“कोळी मुतला की फोड येतात ना?” हे कुणीतरी विचारणारच. कोळ्याचा त्यात हात नसतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा नारिंगी-काळा लांबट किडा अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते. पण “कोळी मुळीच विषारी नसतो” असंही ठोकून देऊ नये. जवळजवळ सगळ्यांना विष असतं, ते किड्यांसाठी. माणसाला धोक्याचे फार थोडे. म्हणून नियम एकच, हात लावायचा नाही. दिंडोरी-निफाडकडची मुलं सांगतील की द्राक्षबागेत औषध मारलं की कोळीही मरतात. बरोबर आहे. तुडतुडे खाणारे फुकटचे गडी त्यात जातात, आणि हे मास्तरांपेक्षा त्या मुलांनीच वर्गाला सांगावं.

गृहपाठ घरच्या छताच्या कोपऱ्यातला, लांबलचक काटकुळ्या पायांचा कोळी. त्याच्यावर हळूच फुंकर मारायची. तो जाळ्यात इतक्या वेगाने गरगरतो की नीट दिसेनासा होतो. अडचण एवढीच की नेमकी तेव्हाच दिवाळीची साफसफाई निघते. तेव्हा गृहपाठाची तारीख आईला विचारून ठरवलेली बरी.