गडग्यापलीकडचा आंबा

कोकणात दोन आवारांच्या मध्ये बहुधा जांभ्या दगडाचा गडगा असतो आणि तो कमरेएवढा उंच असला, की हद्दीचा प्रश्न मिटला असे सगळे धरून चालतात. माणसे, गुरे आणि मोजणीदार यांच्यापुरता तो मिटतोही. झाडाला मात्र उजेड हवा असतो. शेजारच्या आवारात माड-पोफळींची दाटी असली, की गडग्याकाठचा आंबा आपला पसारा मोकळ्या बाजूला, म्हणजे आमच्या कौलांवर, वाढवतो. फणस या बाबतीत शहाणा. त्याची फळे बुंध्याला आणि जाड फांद्यांना लागतात, त्यामुळे ती कोणाची हा वाद सहसा उद्भवत नाही. शेवगा इतका ठिसूळ, की त्याचा निकाल वाराच लावतो. खरी पंचाईत आहे ती रायवळ, म्हणजे बिनकलमी, आंब्याची.

ही पंचाईत पुष्कळशी पंचांगाची आहे. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते आणि त्याआधी घर शाकारून घ्यायचे असते. फुटकी कौले बदलायची, पन्हळी साफ करायच्या आणि त्यासाठी छपरावरची फांदी दूर व्हायला हवी असते. नेमका तेव्हाच रायवळ पिकत असतो. गडग्याजवळ उभे राहून विषय काढला, तर शेजारचे भाऊ वर न पाहताच सांगतात, "आंबे उतरले काय मगे बघूया." दिवाळीत विचारावे, तर पुढच्या मोहोराची तयार झालेली काडी तोडणे त्यांच्या जिवावर येते आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही, कारण आंबा पक्व काडीलाच मोहोरतो. राहता राहिले मे महिन्याचे शेवटचे दिवस आणि जूनचे पहिले. त्या अवधीत झाडावर चढणारा गडी गावात कोणालाही मोकळा सापडत नाही.

जगभरच्या कायद्यांनी या फांदीवर बराच खल केलेला आहे. प्राचीन रोमच्या बारा पट्टांच्या कायद्याने झाडाच्या मालकाला शेजाऱ्याच्या जमिनीवर पडलेली फळे वेचण्याची मुभा दिली होती. १९०० मध्ये अंमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेने उलट ठरवले, की फळ ज्याच्या जमिनीवर आपणहून पडेल त्याचे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या हद्दीत आलेली फांदी पूर्वसूचना न देताही तोडता येते असा निर्णय दिला, मात्र ती तोडण्यासाठी शेजाऱ्याच्या आवारात पाऊल टाकता येत नाही. जपानमध्ये हद्द ओलांडणारी मुळे स्वतः तोडता येत, पण फांदीसाठी शेजाऱ्याची विनवणी करावी लागे. सांगूनही त्याने पुरेशा अवधीत ती तोडली नाही, तर आपण तोडावी, अशी सोय तिथे एप्रिल २०२३ पासून झाली. आपल्याकडे नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आडवा येतो, म्हणून शेजारी राजी असला तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करणे श्रेयस्कर.

हे सगळे वाचताना जाणवते, की कायदा तोडता येईल किंवा खाता येईल तेवढ्याचाच हिशेब मांडतो. आमच्या वाट्याला त्याखेरीज बरेच काही येते. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा वाळत घातलेल्या धोतरांवर गळतो आणि मागाहून त्याच्यावर काळी बुरशी धरते. आंब्याचे पान जाड आणि चिवट असल्यामुळे लवकर कुजत नाही. ओला पातेरा पन्हळीत एकावर एक चिकटून बसतो आणि पहिल्याच सरीला पाणी भिंतीवरून उतरू लागते. शिवाय माकडांना ही फांदी म्हणजे आमच्या छपरावर उतरण्याची राजरोस वाट. उलट पडलेल्या आंब्यांवरून आमच्या वाडीत कोणी कधी भांडत नाही. रायवळाचा पडा ज्याला सापडेल त्याचा, ही रीत जर्मन संहितेहूनही सैल आहे.

यंदा गडी मिळाला, तोही जाणता. त्याने फांदीला वरून दोर बांधला, आधी खालच्या अंगाने थोडा काप दिला आणि मगच वरून करवत लावली. तसे केले नाही तर फांदी स्वतःच्या भाराने खाली येताना बुंध्याची साल सोलपटून नेते आणि तिथे भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, शिरायला वाव मिळतो. उघड्या जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, फासण्याचा आग्रह भाऊंचा होता आणि ब्रश मात्र आमचा. लाकूड नियमाने त्यांचे होते, परंतु ते गडग्यावरून पलीकडे नेण्याचा उत्साह कोणालाच नसल्यामुळे आमच्या न्हाणीघराच्या चुलीकडे वळले.

छपरावरची फांदी अशी मार्गी लागल्यावर गड्याने मागच्या पडवीवरच्या दुसऱ्या फांदीला हात घातला, तेव्हा आई आतून बाहेर आली आणि तिने त्याला थांबवले. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात उभे राहता येते ते त्या फांदीच्या सावलीमुळे, हे तिचे म्हणणे होते आणि तिथे उभे राहणारी तीच असल्यामुळे त्यावर कोणाला बोलता आले नाही. ती फांदी राहिली. तिचा पातेरा आता मी झाडतो आणि त्याबद्दल भाऊंकडे तक्रार न्यायला आईची सक्त मनाई आहे.