एडीआर ‘ॲक्सेप्टेड’ आहे, पण काम झालंय का? माझा अनुभव

सॉफ्टवेअर आर्किटेक्चरच्या निर्णयांच्या नोंदी, म्हणजे एडीआर, आमच्याकडे अगदी शिस्तीत लिहिल्या जातात. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेला साचा आम्ही जवळजवळ जसाच्या तसा उचललाय. शीर्षक, संदर्भ, निर्णय, स्टेटस, परिणाम. स्टेटसमध्ये प्रपोज्ड (सुचवलेला), ॲक्सेप्टेड (मंजूर), डेप्रिकेटेड (आता वापरू नये असा), सुपरसीडेड (नव्या निर्णयानं जागा घेतलेला). निर्णय कोडमध्ये उतरला की नाही, हे सांगायला त्यात जागाच नाही. त्यामुळे ‘यातलं प्रत्यक्षात काय काय झालंय?’ या प्रश्नावर मीटिंगमध्ये सगळे एकमेकांची तोंडं बघायचे. शेवटी ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

यादी करणं सोपं गेलं. बऱ्याच निर्णयांचा निकाल कोड उघडून बघताच लागला. लायब्ररी बदललीय की नाही हे डिपेन्डन्सी फाइल सांगतेच. मला अडकवलं एकाच निर्णयानं.

निर्णय असा होता: ऑर्डर सर्व्हिसचा डेटाबेस दुसऱ्या कुठल्याही सर्व्हिसनं थेट वाचायचा नाही, जे हवं ते एपीआयमधून, म्हणजे त्या सर्व्हिसनं इतरांसाठी ठेवलेल्या अधिकृत वाटेनं, घ्यायचं. या कामाचं तिकीट केव्हाच बंद झालेलं. कशाच्या जोरावर? तर एपीआय तयार झाला म्हणून! जुनं थेट वाचन थांबलंय का, हे कुणी बघितलंच नव्हतं. टीमला विचारलं की ‘हो हो, झालंय, एखाददुसरा रिपोर्ट राहिला असेल.’ हा एखाददुसरा रिपोर्ट प्रत्येक आढाव्यात नव्यानं राहिलेला असायचा.

मग मी विचारणं सोडलं आणि पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे थेट आमच्या डेटाबेसमध्ये, बघायला लागलो. चालू कनेक्शन दिवसा तपासली तर सगळं स्वच्छ. रिपोर्टचे जॉब रात्री चालतात, ते दिवसा दिसणार कसे? कनेक्शनचा लॉग चालू करून घेतला तेव्हा रिपोर्टिंगचा रोल (डेटाबेसमधलं खातं) रोज रात्री येऊन जाताना दिसला. (हे आधी करा. निदान एक महिनाअखेर लॉगमध्ये येऊ द्या, काही जॉब तेवढ्यापुरतेच उठतात.)

रिपोर्ट एपीआयवर नेणं फार जड गेलं नाही. माझ्या मते ‘झालं’ म्हणायचं ते त्या रोलची वाचायची परवानगी काढल्यावरच. आदेश एका ओळीचा, रिव्होक. पण प्रॉडक्शनवर परवानगी काढायची तर चेंज रिक्वेस्टचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात रिलीज क्रमांक सक्तीचा. आता परवानगी काढण्याला कसला आलाय रिलीज? रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकेना. ‘लागू नाही’ लिहिलं तर परत आला. जवळच्या रिलीजचा क्रमांक टाकला तर शेरा आला, ‘या रिलीजमध्ये असा बदल नाही.’ मंजुरी देणाऱ्याला फोन केला तर म्हणे फॉर्म आमच्या हातात नाही. फॉर्म सांभाळणारे म्हणाले नियम मंजुरीवाल्यांचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि माझी एक ओळ मधल्यामध्ये लोंबकळत. तोवर कुणीतरी त्याच रोलवर आणखी एक क्वेरी बसवली नसती तरच नवल. बसवलीच!

सुटलं ते आडवाटेनं. रिव्होकचा आदेश मायग्रेशन स्क्रिप्ट (डेटाबेसमधला बदल करणारी फाइल) म्हणून कोडच्या रिपॉझिटरीत घातला, तो पुढच्या रिलीजमध्ये गेला आणि रिलीज क्रमांक आपोआप मिळाला. दुसऱ्या दिवशी त्या रोलनं लॉगिन करून ऑर्डरच्या टेबलावर सिलेक्ट, म्हणजे वाचायचा आदेश, मारला. ‘परमिशन डिनाइड.’ एरर बघून इतका आनंद मला क्वचितच झालाय. ती नवी क्वेरीही त्या रात्री पडली आणि तिचे मालक स्वतःहून माझ्याकडे आले, एरवी मला त्यांना शोधत फिरावं लागलं असतं.

आता मी निर्णयाचं स्टेटस आणि अंमलबजावणीचं स्टेटस वेगळं ठेवतो. ॲक्सेप्टेडला हात लावत नाही. खाली ‘सुरू नाही, अर्धवट, पूर्ण’ यातलं एक, त्या भागाच्या मालकाचं नाव आणि पुराव्याची लिंक. टक्के लिहू देत नाही, ऐंशी टक्क्यांवर काम वर्षभर बसून राहतं. ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं हे निर्णय मंजूर होतानाच लिहून घ्या, नंतर प्रत्येकाचं पूर्ण वेगळं निघतं. पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल तपासायला देताना) आणि कमिट मेसेजमध्ये एडीआरचा क्रमांक टाकायची सवय लावा, गिटच्या लॉगमध्ये शोधताना जीव वाचतो.

जावा असेल तर आर्कयुनिट ही लायब्ररी वापरा. कुठल्या पॅकेजनं कुणाला हाक मारायची नाही, हा नियम टेस्ट म्हणून बिल्डमध्ये बसतो. जुनी उल्लंघनं शेकड्यांनी असतील तर ती गोठवून ठेवायची सोय त्यात आहे: जुनी चालतात, नवं एक जरी आलं तरी बिल्ड लाल. गोठवलेल्यांची फाइल जसजशी लहान होते तसतसं काम किती उरलंय ते दिसतं.

आणि हो, सुपरसीडेड निर्णयही तपासा. आमचा एक निर्णय अर्धा अमलात आला आणि तेवढ्यात नव्यानं त्याची जागा घेतली. नव्या नोंदीत जुन्याची फक्त लिंक होती. जुन्यातलं काय उपटायचं आणि काय ठेवायचं, याचा उल्लेखही नव्हता. ते निस्तरायचं काम अजून चालू आहे.