स्टूल आधी उलटं करा

हेलसिंकीच्या हिएतालाहती चौकातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले की मी प्रत्येक स्टूल आधी उलटं करून बघते. वरून सगळी सारखीच दिसतात, खरं काय ते खालून कळतं.

फिनलंडचा वास्तुरचनाकार आल्व्हार आल्तो याचं तीन पायांचं स्टूल १९३३ सालचं. पाय अखंड बर्च लाकडाचा (आपल्या भूर्जपत्राच्याच कुळातलं झाड!). त्याच्या वरच्या टोकाला उभ्या चिरा पाडायच्या, त्यांत सरस लावलेल्या पातळ पट्ट्या सरकवायच्या आणि टोक काटकोनात वाकवायचं. मग पाय थेट बैठकीच्या खाली स्क्रूने पक्का. मधे आडवी पट्टी नाही, चौकट नाही. किती सुंदर विचार आहे हा!

माझ्या स्टुलाच्या वाकणावर त्या पट्ट्यांच्या केसाएवढ्या रेघा दिसतात. लाकूड मधाच्या रंगाचं झालंय, बैठकीवर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग आहे. तो मी काढणार नाही.

दुसरं एक स्टूल मी फोटो बघून मागवलं. विक्रेत्याने ते घासून, वर चकचकीत व्हार्निश मारून पाठवलं. इतक्या वर्षांत चढलेला रंग एका दुपारीत गेला. फार वाईट वाटलं. आता खालच्या बाजूचा फोटो आल्याशिवाय मी पैसे देत नाही.