गुडघा राहिला बाजूला

रविवार, रात्र

आठ दिवसांनी आज घरात पुन्हा गुडघ्याचा विषय निघाला.

बाबांचा उजवा गुडघा बदलायचा ठरलाय, तोही रोबोटच्या मदतीनं. त्यासाठी आधी सीटी स्कॅन लागतो. दुखतोय गुडघा, मग खुबा आणि घोटा कशाला, असं मी विचारलं. टेक्निशियन म्हणाला, पायाची सरळ रेघ मांडीच्या हाडाच्या गोळ्यापासून घोट्यापर्यंत धरतात, म्हणून तिन्ही ठिकाणं हवीत. बरं. पण खुबा आला की ओटीपोटाचा खालचा भागही त्यात येतो, आणि दिसलं ते लिहिणं त्यांना भागच.

गुडघ्याबद्दल दोन ओळी. त्याखाली, मांडीच्या हाडाच्या मानेत १२ मिलिमीटरचा पांढरा ठिपका. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली. मी रिपोर्ट जिन्यातच वाचला आणि मोबाइल काढला, तिथंच चुकलं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात उतरला की पुष्कळदा असे पांढरे डाग पडतात, हे पाच मिनिटांत कळलं. जाळीदार हाडाच्या आत घट्ट हाडाचं एक बेट असतं, तेही असंच दिसतं आणि त्याला काही करावं लागत नाही, हे कळायला सोमवार उजाडला. गेल्या रविवारची ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

बाबांना सांगितलं, "रक्ताची एक तपासणी राहिलीय." डॉक्टर शेजारच्या डॉक्टरांशी कन्नडमधून बोलले होते, म्हणून वाटलं निभावलं. अडतीच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं कन्नड माझ्यापेक्षा पक्कं असणार, हे मला सुचलंच नाही. गुरुवारी चहा पिताना म्हणाले, "एलुबु म्हणजे हाड, एवढं कळतंय की मला. कशाला लपवायलीस?"

मी बिस्किटांचा डबा उघडत बसले.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची ती रक्ताची तपासणी, २.१ आली. साधारण ४ च्या आत ठीक धरतात. तरी डॉक्टरांनी विचारलं, जुना एखादा एक्स-रे आहे का? २०११ साली इथंच बेळगावात टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटजवळ बाबा सायकलवरून पडले होते, तेव्हा खुब्याचा काढलेला. शुक्रवारी ट्रंक उपसली. घराचे उतारे, आईच्या चष्म्याची डबी, आणि तळाला तपकिरी पाकीट. फिल्मवर बोटांचे ठसेच ठसे. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला अख्ख्या गल्लीनं हिच्यातूनच सूर्य बघितला होता. (डोळ्यांना घातक असतं ते, नंतर कळलं. पहिला नंबर माझाच होता.) खिडकीच्या उजेडाला धरली. ठिपका तिथंच होता, वाटाण्याएवढा.

काल डॉक्टरांनी जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावून बघितलं. इतक्या वर्षांत तसूभर वाढलेला नाही, म्हणाले, बेटच आहे. दोन मिनिटांत संपलं. रिपोर्टात त्या ओळीखाली 'जुना फोटो असल्यास आणा' एवढं कुणी लिहिलं असतं, तर आमचा आठवडा वाचला असता.

प्रोस्टेटचं मात्र कळलं ते बरंच झालं. कमरेत भूल दिल्यावर अशा माणसांची लघवी अडू शकते, म्हणून गोळी आधीच सुरू केलीय, आणि लागलंच तर नळी घालायची तयारी ठेवणार आहेत. बाबा रात्री चारदा उठतात, ते गुडघा ठणकतो म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो. विचारलं कुणीच नव्हतं.

आज जेवताना बाबा म्हणाले, "ठिपक्याचं झालं. आता माझ्या गुडघ्याचं कोण बघणार हाय की नाही?" मंगळवारी भरती व्हायचंय, सांगितलं. मग स्वतःच उठले, भिंतीला धरत ट्रंकेपर्यंत गेले, पाकिटावर बॉलपेननं '२०११, खुबा' लिहिलं आणि माझ्याकडं हात केला.

"ती नवी सीडी आण. हिच्यातच ठेवूया."